आधी देणे, मग कुर्बानी

बकरी ईद जवळ आली की उर्दू शाळेच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यहुद्यांचेही आणि ईसाई लोकांचेही. मग ते कुर्बानी का करीत नाहीत? आम्हा शिक्षकांकडे याची दोन तयार उत्तरे असतात. एक, त्यांनी आपल्या किताबा बदलल्या. दुसरे, त्यांना विसर पडला. या उत्तरांवर तास संपवता येतो. पण ज्यांना आपण अहले किताब म्हणतो त्यांची किताब उघडून पाहिली तर कुर्बानीचा विसर तेथे कोठेच दिसत नाही. जनावराच्या कुर्बानीचा इतका बारीकसारीक कायदा फार थोड्या धर्मग्रंथांत असेल, आणि तिच्यावर झालेली अत्यंत कडक टीकाही त्याच ग्रंथसंग्रहात शेजारी शेजारी ठेवलेली आहे.

हे वाचायला आपल्याला परक्या भाषेकडे जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल १९२४ साली छापून झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी जाणणाऱ्या मुसलमानाने शेजाऱ्याचा धर्म शेजाऱ्याच्याच शब्दांत वाचावा, एवढी सोय आपल्या भाषेने केव्हाच करून ठेवली आहे.

प्रथम तौरात पाहू. तिच्यातील 'लेवीय' नावाच्या भागात कुर्बानीचे पाच मुख्य प्रकार सांगितले आहेत. होमार्पण म्हणजे संपूर्ण जनावर वेदीवर जाळायचे. अन्नार्पण म्हणजे सपीठ, तेल आणि धूप. शांत्यर्पणात काही भाग वेदीवर, काही याजकाला आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याने आपल्या माणसांसह खायचे. उपकारस्तुतीचे असेल तर त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत ठेवायचे नाही. साहजिकच एका घराने एवढे मांस एका दिवसात खाणे कठीण. चार माणसे बोलवावीच लागणार. शिवाय पापार्पण आणि दोषार्पण हे दोन प्रकार चुकांसाठी आहेत. रक्तात प्राण असतो आणि म्हणून रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिले आहे, असे याच ग्रंथाचा सतरावा अध्याय सांगतो. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एका वचनात आहे.

पण या वचनाच्या बरोबरीने आणखी तीन गोष्टी वाचल्या पाहिजेत. पहिली, पापार्पण मुख्यतः नकळत घडलेल्या चुकांसाठी आहे. जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या बंडखोरीला बकरा नेऊन सुटका मिळत नाही, असे 'गणना' या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. दुसरी, ज्याला मेंढी परवडत नाही त्याने दोन होले किंवा दोन पारवे आणावेत, आणि तेही परवडत नसतील तर थोडे सपीठ आणावे. त्यालाही क्षमा मिळते. म्हणजे गरिबाच्या बाबतीत तौरात रक्ताचा आग्रह सोडते. तिसरी गोष्ट हजरत यूनुस अलैहिस्सलाम यांच्या कथेत आहे. ही कथा आपल्यालाही ठाऊक आहे. निनवेच्या लोकांनी उपास केले, जुलूम सोडला आणि त्यांना माफी मिळाली. त्यांनी कुठलेही जनावर कापल्याचे त्या ग्रंथात नाही. यहुदी लोक आपल्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत हाच ग्रंथ वाचतात.

आता दोषार्पणाचा नियम पाहा, कारण आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली तेथे आहे. एखाद्याने शेजाऱ्याची ठेव बुडवली, काही लुबाडले, सापडलेली वस्तू दडवली किंवा खोटी शपथ घेतली, तर त्याने काय करावे? तौरात सांगते, ती वस्तू पूर्ण परत करावी, वर पाचवा हिस्सा अधिक द्यावा, ज्याची होती त्यालाच द्यावा, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे जावे. पुढे रब्बींनी 'मिश्ना' हा कायदेसंग्रह सिद्ध केला. त्यात हा क्रम पक्का करून टाकला आहे: देणे फेडण्यापूर्वी आणलेले दोषार्पण ग्राह्य नाही. मेंढा निर्दोष असेल, विधी अचूक असेल, याजक प्रामाणिक असेल, तरीही नाही. शेजाऱ्याचे पैसे बाकी आहेत तोवर वेदी त्याचे काही स्वीकारीत नाही.

नबींचा संताप याच जागेवरून समजून घ्यावा लागतो. आमोस, होशेय, यशया, मीखा, यिर्मया या सर्वांनी कुर्बानीबद्दल असे बोल सुनावले आहेत की वाचताना दचकायला होते. तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या मेंढ्यांची चरबी मला पुरे झाली आहे, मला दया हवी, न्याय हवा, असा त्यांचा आशय आहे. यिर्मया तर मिसरमधून बाहेर काढले त्या दिवशी होमार्पणांची आज्ञा दिलीच नव्हती, इथपर्यंत जातो. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की नबींना कुर्बानीच नको होती. आम्हाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. यशयाच्या पहिल्या अध्यायात कुर्बानी नाकारल्यावर लगेच पुढे प्रार्थनाही नाकारली आहे. तुम्ही कितीही दुआ मागा, मी ऐकणार नाही, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत, असा तेथला अर्थ आहे. यावरून यशयाला कुर्बानी रद्द करायची होती असे म्हणायचे, तर त्याला प्रार्थनाही रद्द करायची होती असे म्हणावे लागेल. आणि तसे कोणी म्हणत नाही. त्याचा रोख अर्पण करणाऱ्या हातांवर आहे. पुढल्याच ओळींत तो अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या असे सांगतो.

मग यहुद्यांची कुर्बानी थांबली ती का? नबींचे ऐकून थांबली असे इतिहास सांगत नाही. तौरातच्या 'अनुवाद' या भागात कुर्बानी एकाच नेमलेल्या ठिकाणी करण्याची आज्ञा आहे, आणि ते ठिकाण यरुशलेमचे मंदिर ठरले. इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजेने ते मंदिर उद्ध्वस्त केले. जागा गेली, म्हणून कुर्बानी थांबली. कायदा मात्र किताबात जसाच्या तसा राहिला. नाब्लुसजवळच्या गरिझीम डोंगरावर शोमरोनी लोकांचा छोटासा समाज आहे. ते फक्त तौरात मानतात आणि नेमलेली जागा यरुशलेम नसून गरिझीम आहे असे समजतात. म्हणून ते वल्हांडणाच्या सणाला तेथे आजही मेंढ्यांची कुर्बानी करतात. एकाच आज्ञेचे पालन करताना एक समाज सुरी खाली ठेवतो आणि दुसरा उचलतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मंदिर पडल्यावर यहुदी धर्म संपायला हवा होता. तो संपला नाही याचे श्रेय रब्बींना जाते. त्यांच्या परंपरेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रब्बी योहानान बेन झक्काय आणि रब्बी यहोशुआ उद्ध्वस्त मंदिराजवळून जात होते. यहोशुआ हळहळले, की जेथे आपल्या पापांचे प्रायश्चित्त होत असे ती जागाच गेली. योहानान यांनी त्यांची समजूत घातली, की आपल्याजवळ तितकेच मोठे दुसरे प्रायश्चित्त आहे, आणि ते म्हणजे परोपकार. त्यासाठी त्यांनी होशेय नबीचा आधार दिला. मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे कोकरू अर्पण होत असे. त्या वेळांशी रोजच्या प्रार्थनांचा मेळ घालण्यात आला. तलमूदमध्ये असाही विचार आहे की मंदिर असताना वेदी प्रायश्चित्त करी, आता माणसाचे जेवणाचे ताट ते करते. म्हणजे ज्या ताटावर भुकेल्याला जागा मिळते ते. आणि मिश्नाने आधीच सांगून ठेवले होते की मोठे जनावर आणणारा आणि मूठभर पीठ आणणारा सारखेच, मन अल्लाहकडे लागलेले असले म्हणजे झाले.

तरी प्रश्न उरलाच. अल्लाहला कुर्बानीची गरज नाही, तर त्याने ती सांगितली कशाला? यावर यहुद्यांमध्येच दोन थोर आलिमांचा मतभेद झाला. मूसा बिन मैमून (११३८–१२०४) हे कुर्तुब्यात जन्मले आणि मिसरमध्ये हकीम म्हणून नावाजले. 'दलालतुल हाइरीन' या आपल्या अरबी ग्रंथात त्यांनी म्हटले, की त्या काळी सगळ्या जगाची इबादत जनावरे अर्पण करूनच चाले. माणूस सवयीतून एकदम बाहेर पडत नाही. म्हणून अल्लाहने ती पद्धत ठेवली, पण मूर्तींपासून तोडून, एका जागेत आणि नियमांत बांधून. हेच गृहस्थ आपल्या कायद्याच्या ग्रंथात कुर्बानीचे सारे नियम लिहितात आणि मसीहा आल्यावर ती पुन्हा सुरू होईल असेही सांगतात. त्यांच्यानंतरचे स्पेनमधील नहमानिडीस (११९४–१२७०) यांना हे पटले नाही. हाबील आणि नूह यांनी अर्पणे केली तेव्हा कुठली मूर्तिपूजा होती, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मते कुर्बानी करणाऱ्याने जनावराकडे पाहून समजावे की हे खरे तर माझ्यावर यायला हवे होते. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातील सुधारणावादी यहुद्यांनी कुर्बानी पुन्हा सुरू होवो ही दुआ प्रार्थनेतून काढली; सनातनी यहुदी ती आजही म्हणतात.

या परंपरेचा एक धागा आपल्या कोकणातही आहे. रायगड जिल्ह्यातील मराठी बोलणारे बेने इस्रायल, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, मंगल प्रसंगी एलियाहू नबीच्या नावाने 'मलिदा' करीत. पोहे, खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून दुआ करायची आणि सर्वांना वाटायचे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले, पण मलिदा सोबत घेऊन गेले. फातिहाचा मलिदा खाल्लेल्या आपल्या वाचकांना हा शब्द परका वाटणार नाही. यहुद्यांमध्ये रक्ताविना अर्पणाची रीत जिवंत आहे हे पाहायला यरुशलेमला जाण्याची गरज नव्हती. अलिबागच्या आसपास ते दिसत होते.

आता इंजीलकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानात हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या जन्मानंतर बीबी मरियम मंदिरात जातात तेव्हा दोन पक्ष्यांचे अर्पण सांगितले आहे. म्हणजे ते घर मेंढी न परवडणाऱ्यांचे होते. मोठेपणी हजरत ईसा कोडातून बऱ्या झालेल्या माणसाला मूसांनी सांगितलेले अर्पण कर असे सांगतात. मंदिराच्या अंगणातून गुरे, मेंढरे आणि पारवे विकणाऱ्यांना ते हुसकावतात. होशेय नबीचे दयेविषयीचे वचन मत्तयच्या शुभवर्तमानात ते दोनदा आठवून देतात. आणि डोंगरावरील प्रवचनात सांगतात, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहेस आणि तुझ्या भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. यात कुर्बानी बंद करा असे नाही. दोषार्पणाचा क्रमच येथे आहे, फक्त पैशांवरून तो मनातील वैरापर्यंत नेला आहे.

ईसाई धर्माने कुर्बानी थांबवली ती वेगळ्या कारणाने. हजरत ईसा स्वतःच ते कोकरू होते, त्यांचा वधस्तंभावरील मृत्यू हीच अखेरची कुर्बानी, अशी त्यांची श्रद्धा बनली. आपण ही श्रद्धा मानत नाही, पण ती नीट समजून घेतली पाहिजे. 'इब्री लोकांस पत्र' हे नव्या करारातील लेखन असा युक्तिवाद करते, की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप खरोखर जात असते तर दरवर्षी तीच कुर्बानी पुन्हा करावी लागली नसती. म्हणून एकदाच आणि कायमची झालेली कुर्बानीच पुरेशी. आरंभीच्या अनुयायांना हे लगेच असे वाटले नसावे, कारण 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पौल चार नवस केलेल्या माणसांच्या मंदिरातील अर्पणाचा खर्च उचलताना दिसतो. पुढे कॅथलिक पंथाने प्रभुभोजनाच्या विधीत तीच एक कुर्बानी उपस्थित होते असे मानले आणि १५६२ साली ट्रेंटच्या धर्मसभेत तसे ठरवून सांगितले; प्रॉटेस्टंट सुधारकांनी ते नाकारले होते. आर्मेनियन चर्चमध्ये मात्र 'मताघ' नावाची रीत टिकली आहे. मीठ पाद्रीकडून मंतरून घेऊन जनावराला देतात, ते कापून मांस उकडतात आणि गरिबांत वाटतात. ही पापाची भरपाई नव्हे, खैरात आहे, असे ते सांगतात.

दोन्ही धर्मांतला फरक आता मांडता येईल. यहुदी परंपरा म्हणते, आज्ञा बाकी आहे, जागा नाही. तोवर तौबा, दुआ आणि परोपकार. ईसाई परंपरा म्हणते, हिशेब पूर्ण झाला. आता उरले ते आभार आणि सत्कर्म. एकीकडे कुर्बानी स्थगित आहे, दुसरीकडे संपूर्ण. या फरकाचा इतिहासात पुष्कळ गैरवापर झाला. नबींचे शब्द काढून दाखवायचे आणि यहुदी धर्म म्हणजे रक्ताचा आणि कर्मकांडाचा धर्म असे म्हणायचे, हे ईसाई लेखकांनी शतकानुशतके केले. ते शब्द यहुद्यांच्याच नबींचे होते आणि यहुद्यांनीच ते जपून ठेवले होते, हे सोयीने विसरले गेले. बकरी ईदच्या सुमारास आपल्याविषयी असेच बोलले जाते तेव्हा आपल्याला किती लागते हे आपण जाणतो. मग मुनाजऱ्याच्या हौसेपोटी आपण तेच दुसऱ्यांच्या किताबांशी करू नये.

एक आक्षेप येथे येऊ शकतो. सगळे शेवटी न्याय आणि दयेवरच आणायचे असेल तर कुर्बानी हवीच कशाला? तेवढे पैसे दान करून मोकळे व्हावे. आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तरही दोषार्पणाच्या नियमातच आहे. देणे फेडावे हे सर्वांनाच पटते, पण कधी फेडावे हे कोणी ठरवीत नाही. विधी ती तारीख ठरवतो. मेंढा घेऊन जायचे आहे, म्हणजे त्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठवावेच लागेल. इबादत आणि व्यवहार यांची गाठ बांधण्याचे काम कुर्बानी करते. ती गाठ सोडून उरलेले मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, ही सूरे हजची शिकवण आपल्याला पाठ आहेच. हाबील आणि काबील यांच्या कथेतही अल्लाह परहेजगारांकडूनच स्वीकारतो असे कुरआनने सांगितले आहे.

आणि जनावर? तेही केवळ आपल्या हिशेबातील आकडा नाही. तौरात सांगते, वासरू-कोकरू सात दिवस आईपाशी राहू द्यावे, आई आणि पिलू एकाच दिवशी कापू नये. आपल्या हदीसमध्येही सुरी धारदार ठेवण्याची आणि जनावराला त्रास न देण्याची ताकीद आहे. आपल्या कराराशी ज्याचा काही संबंध नाही त्या जिवाला आपण मध्ये आणतो, तर निदान आपली बाजू तरी स्वच्छ असावी.

येथे प्रश्न आपल्या अंगणात येतो. कुर्बानी हनफी मते वाजिब आणि शाफई मते सुन्नते मुअक्कदा. दख्खनचे आणि कोकणचे लोक यावर तासभर वाद घालू शकतात. पण बापाच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला आहे. तो देण्याबाबत दोन्ही मजहबांत कुठलाच मतभेद नाही. तरी कितीतरी घरांत तो हिस्सा 'बहिणीने माफ केला' या एका वाक्यात जिरतो. बहिणीने माफ केले की तिला माहेर तुटेल या भीतीने ती गप्प बसली, हे कोणी विचारीत नाही. आणि त्याच घरातून ईदच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडे मांसाचा मोठा हिस्सा जातो. शेतावरच्या गड्याची दोन महिन्यांची मजुरी थकलेली असते आणि बाजारात बकऱ्याच्या किमतीवरून शेजाऱ्याशी चढाओढ चाललेली असते. शहीदाचे गुनाह माफ होतात, पण कर्ज माफ होत नाही, असे आपले हदीस सांगते. जेथे स्वतःच्या रक्ताने कर्ज फिटत नाही, तेथे बकऱ्याच्या रक्ताने कसे फिटेल?

तीन धर्म कुर्बानीच्या बाबतीत तीन वाटांनी गेले. एकाने जागेची वाट पाहिली, एकाने ती पूर्ण झाली मानली, आणि आपण ती दरवर्षी करतो. करतो म्हणूनच आपली जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. बाकीच्यांना वेदीच उरली नाही, आपल्याला दरवर्षी जिलहिज्जाचा चंद्र दिसतो. त्या चंद्रापासून ईदपर्यंत नऊ दिवस असतात. जनावर पाहायला जाण्याआधी तेवढ्या दिवसांत वहीतली एकेक बाकी काढावी, बहिणीला सात-बाऱ्याचा उतारा दाखवून तिचा हिस्सा तिच्या हाती द्यावा, गड्याची मजुरी चुकती करावी. एवढे झाल्यावर बकरा लहान मिळाला तरी चालेल.